गळिताच्या दिवसांतलं पाळणाघर

कार्तिक सरत आला की तेलगावच्या चौकातल्या हवेला वास धरतो. वर उकळत्या रसाचा गोडसर आणि खाली मळीचा आंबूस, असा दुपेडी वास. कारखान्याचं गळीत सुरू झालं की दुसऱ्या दिवसापासून आमच्या बसची चालच बदलते. माजलगावहून निघालेली गाडी सिरसाळ्यामार्गे परळीला जाईपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत राहते. ट्रॉलीतून निसटलेली उसाची कांडी रस्त्यावर चिरडून पांढरी होतात आणि त्यावर मोहोळाच्या माश्या बसतात. मी कंडक्टर आहे. दाराजवळच्या माझ्या सीटवरून मी हे बरीच वर्षं बघते आहे.

यंदाही सुरू झालं. परवा कॅनॉलच्या पलीकडं ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. पाचटाच्या भिंती, वर निळी ताडपत्री, पुढं बैलं. बस तिथून जाताना माझी नजर आपोआप एकेका कोपीच्या दाराशी जाते. दारात लहान मूल आहे का? असेल तर त्याच्याजवळ मोठं माणूस दिसतं का? नाही दिसलं, तर गाडी पुढं गेली तरी मी मान वळवून बघत राहते. पुढं बसलेली माणसं विचारतात, काय झालं बाई? मी म्हणते, काही नाही.

ही खोड मला एका हंगामानं लावली. तेव्हा माझी समृद्धी तीन वर्षांची होती. घरात आम्ही तिला समू म्हणायचो. तिचे पप्पा किनवटकडच्या आश्रमशाळेत शिक्षक होते, सुट्टीलाच घरी यायचे. सासूबाई उमापूरजवळच्या गावी शेतीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मंगल, एक तर पोरगी आमच्याकडं ठेव, न्हाई तर नोकरी सोड. मला दोन्ही करायचं नव्हतं. मग धारूर रस्त्याला एका बंगल्यात नवीन पाळणाघर निघालंय असं कळलं आणि मी समूला तिथं घातलं.

बंगला देखणा होता. भिंतींवर हत्ती, ससे, फुलपाखरं. दारावर इंग्रजी पाटी. आत रंगीत खुर्च्या. वैशाली मॅडम तो चालवायच्या. चापूनचोपून नेसलेली साडी, बोलणं मऊ, प्रत्येक पालकाला नावानं ओळखणार. बाजारपेठेत त्यांचं साड्यांचं दुकानही होतं. मुलांचं हगणं-मुतणं, जेवण, झोप हे सगळं बघायला सुमनमावशी होत्या. पन्नाशीच्या, वाळक्या अंगाच्या, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, ताई, इथं आम्ही मुलं नुसती सांभाळत नाही, घडवतो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. इतकं गुळगुळीत वाक्य हातात आलं की ते उलटून बघावं, हे तेव्हा सुचलं नाही.

खरं तर संशय घेणं हे माझं कामच आहे. बसमध्ये आई मांडीवरच्या पोराला पदराखाली घेऊन शपथेवर सांगते, अजून पाच पुरं न्हाई झालं बाई. तेवढ्यात पोर पदरातून तोंड काढून म्हणतं, "मी पहिलीत हाय." सगळी गाडी हसते. पोरं खोटं बोलायला उशिरा शिकतात. मोठी माणसं काय म्हणतात ते ऐकावं आणि पोराकडं बघावं, म्हणजे खरं कळतं. एवढं साधं शहाणपण मला नोकरीनं दिलं होतं. पण ते स्वतःच्या पोरीसाठी वापरायला मी बिचकत होते. समजा संशय खरा निघाला, तर पुढं काय? पोरगी ठेवायची कुठं? संशय घ्यायलाही ऐपत लागते. दुसरी जागा असेल, तरच माणूस पहिलीवर शंका घेतो.

पावसाळ्यात समू पाळणाघराच्या फाटकाशी रोज रडायची. पोळा झाला, दसरा झाला, दिवाळी झाली, आणि तिचं रडणं थांबलं. उलट सकाळी माझ्याआधी उठून चपला घालून दारात बसायला लागली. बाया म्हणाल्या, रमली. मलाही बरं वाटलं. पण तिला आंघोळ घालताना माझे हात थबकायला लागले. नखांत माती. पोटऱ्यांवर बारीक बारीक ओरखडे, सुईनं रेघा ओढाव्यात तसे. केसांना धुराचा वास. बंगल्याचं अंगण शहाबादी फरशीचं. तिथं मूठभर माती नव्हती, आणि चूल तर असण्याचं कारणच नव्हतं.

मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मातीकामाचा तास घेतो आम्ही, बोटांना वळण लागतं. धुराचं विचारलं तर म्हणाल्या, शेजारी कुणी पाचट जाळत असेल. दोन्ही उत्तरं पटकन आली. खरंच तिकीट हरवलेला प्रवासी खिसे चाचपत राहतो. ज्याच्याकडं उत्तर आधीच तयार असतं, त्याला मी पुन्हा विचारते.

समूचा डबा चाटून-पुसून रिकामा यायला लागला. शेपूची भाजी बघून तोंड फिरवणारी पोर दोन पोळ्या जास्त दे म्हणून हटून बसायची. मी म्हटलं, भूक वाढली असेल. मग एका संध्याकाळी ती उशी मांडीवर घेऊन थोपटत होती आणि अगदी खालच्या आवाजात गात होती,

नीज रं लेकरा, माय गेली फडात
वाढ्याची पेंडी ठेविली दारात

मी पीठ मळत होते, तशीच थांबले. आमच्या घरात ही अंगाई कुणी म्हणत नव्हतं. फड म्हणजे तोडणीचा ऊस, वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा. बंगल्यातल्या इंग्रजी गाण्यांच्या शाळेत हे शब्द कुठून आले? मी विचारलं, समू, कुणी शिकवलं? ती म्हणाली, "बाळ रडतंय ना, मग म्हणावं लागतं." कोणतं बाळ? तर म्हणाली, बाळ. झोळीतलं. आणि पुन्हा उशी थोपटायला लागली.

मॅडम दोन वर्षांखालचं मूल घेतच नव्हत्या. पाटीवरच तसं लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी त्यांचे व्हिडिओ नीट बघायला लागले. रोज दुपारी दोनच्या सुमारास पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ यायचा. मुलं रांगेत उभी, हात वर, हात खाली, इंग्रजी कविता. आम्ही सगळ्या आया त्याला अंगठे पाठवायचो. कामावर असताना पोरगी अशी डोळ्यांपुढं नाचली की पायातलं बळ वाढायचं. पण बंगल्याची एकच मोठी खिडकी होती, पूर्वेची. आणि दोन वाजता आलेल्या व्हिडिओत त्या खिडकीतलं ऊन खोलीच्या पार मधोमध पडलेलं असायचं. रोज. सकाळी काढून ठेवायचे आणि दुपारी पाठवायचे, हे उघड होतं. यात गुन्हा काहीच नव्हता. फक्त दुपारचं पोरांचं काय, हे कुणीच दाखवत नव्हतं.

मी हे समूच्या पप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, तुला सगळ्यांचंच तिकीट तपासायची सवय लागलीय. ते रागानं म्हणाले नाहीत. लांब राहणारा माणूस काळजी करून थकतो आणि मग त्याला सगळं बरं आहे एवढंच ऐकायचं असतं. सासूबाईंना तर मी काहीच कळू दिलं नाही. त्यांना सांगणं म्हणजे समूची पिशवी भरणं होतं.

चौकात हारूनभाईंचा फळांचा गाडा आहे. हिवाळ्यात पेरू, बोरं, पुढं द्राक्षं. आमची गाडी थांबली की ड्रायव्हर काळेमामांना ते पेरू कापून मीठ लावून देतात. एकदा पेरू देता देताच ते मला म्हणाले, "ताई, बुरा मानू नका. तुमची बच्ची परवा कॅनॉलच्या कोप्यांकडं दिसली. मी माल घेऊन येत व्हतो. वाटलं तुमी बी संग असाल."

मी म्हटलं, तुम्हाला दुसरं कुणाचं लेकरू दिसलं असेल. त्यांनी मान हलवली. लाल स्वेटर, दोन बुचड्या, रोज तर बघतो, म्हणाले. तेवढ्यात काळेमामांनी हॉर्न दिला. मी चढले आणि बेल मारली. त्या फेरीत मी किती जणांना चुकीचे सुट्टे पैसे परत दिले, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी समूला घ्यायला गेले तेव्हा सुमनमावशींनी तिला फाटकाशी आणून दिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यांनी पदर जरा पुढं ओढला. समूला उचलून मी निघाले. विचारलं असतं तर पुन्हा एक तयार उत्तर मिळालं असतं. मला आता उत्तर नको होतं. मला दुपार बघायची होती. पण माझी दुपार तर परळीच्या रस्त्यावर जायची.

ती दुपार उसानंच दिली. सिरसाळ्याच्या अलीकडं एक ट्रॉली उलटली. रस्ताभर ऊस पसरला, दोन्हीकडं गाड्यांच्या रांगा लागल्या. डेपोतून निरोप आला, फेरी रद्द, गाडी माघारी आणा. दुपारच्या सुमारास काळेमामांना सांगून मी तेलगावच्या चौकात उतरले आणि बॅग खांद्याला तशीच ठेवून धारूर रस्त्यानं चालत निघाले.

बंगल्याच्या फाटकाला कुलूप होतं. मी हाक मारली. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. लहान मुलांचं घर इतकं गप्प कधी नसतं. मुलं झोपली तरी कुणीतरी खोकतं, कुणी तंगडी आपटतं, कुणी पाणी मागतं. आत श्वाससुद्धा नव्हता. मी मॅडमना फोन लावला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी पदराचा रंग दाखवा म्हणत होतं.

मी विचारलं, समू काय करतीय?

"झोपलीय ना ताई. सगळीच झोपलीत. आत्ताच पडदे ओढले."

"तुम्ही तिथंच आहात?"

"म्हणजे काय? त्यांच्या समोरच बसलेय मी."

उन्हानं तापलेलं कुलूप मी मुठीत धरून उभी होते. मी फोन बंद केला. पाय कॅनॉलकडं वळले ते मी वळवले असं म्हणता येणार नाही.

वाटेत दोन्हीकडं तोडलेले फड होते. वाळक्या पानांची धार पोटऱ्यांना लागत होती आणि समूच्या पायांवरच्या रेघा मला एकेक करून समजत होत्या. कोप्यांत मोठं माणूस नव्हतं. सगळे फडात. चुली विझत आलेल्या, कोंबड्या उकरत होत्या, एक म्हातारं कुत्रं राखेत झोपलेलं. शेवटच्या कोपीपुढं बाभळ होती. तिच्या फांदीला झोळी बांधलेली. समू झोळीची दोरी ओढत होती आणि तेच गाणं म्हणत होती. भोवती पाळणाघरातली बाकीची पोरं डबे उघडून बसली होती. एक मुलगी आपल्या डब्यातली पोळी चुरून कोंबड्यांना घालत होती. सुमनमावशी एका पोराला घास भरवत होत्या.

मला खोटं बोलायचं नाही. तो देखावा सुंदर होता. बंगल्याच्या कुठल्याही व्हिडिओत मी या मुलांना इतकं मोकळं बघितलं नव्हतं. क्षणभर माझा सगळा राग ओसरला.

आणि त्याच क्षणी मला आदी दिसला. शोभा सिस्टरचा, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचा मुलगा. जेमतेम दोन वर्षांचा. तो बाकीच्यांत नव्हता. तो कॅनॉलच्या उतारावर होता आणि ढेकळं उचलून पाण्यात टाकत होता. गव्हासाठी पाणी सोडलेलं होतं, कॅनॉल काठोकाठ वाहत होता. प्रत्येक ढेकळामागं तो एक पाऊल खाली सरकत होता. मी बॅग टाकली आणि धावले. त्याचा दंड माझ्या हातात आला तेव्हा त्याच्या एका पायातली चप्पल पाण्यात गेली होती. ती भोवऱ्यात फिरली आणि पुलाखाली दिसेनाशी झाली.

सुमनमावशी घास हातात घेऊन उभ्या राहिल्या. "ताई, मी आत्ता बगितलं व्हतं त्याच्याकडं," त्या म्हणाल्या. "आत्ता."

"रोज आणता इथं?"

"रोजच."

"कावून मावशी? कशासाठी?"

त्यांनी झोळीकडं हात केला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. झोळीतलं बाळ त्यांच्या लेकीचं, रेखाचं. दिवाळीच्या आधी झालेलं. पण तोडणीला जोडी लागते, नवऱ्यासोबत बायको नसेल तर मुकादम घेत नाही. म्हणून बाळंतपणाचं अंग पुरतं भरायच्या आधीच रेखा फडात गेली. बाळ कोपीत. सून कापूस वेचायला, घरी कुणी नाही. मावशींनी मॅडमना विचारलं होतं, नातवाला इथं आणू का, कोपऱ्यात पडून राहील. मॅडम म्हणाल्या होत्या, ते चालणार नाही, पालक काय म्हणतील. मग मॅडम दुपारी दुकानात जायला लागल्या आणि मावशी पोरांना घेऊन नातवाकडं. मॅडमना हे ठाऊक होतं का, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "त्याच म्हणल्या, दुपारी कुठं बी न्या, चारच्या आत आणा. मी कुठं नेती ते त्यांनी इचारलं न्हाई."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला का? अर्धा. बाळ खरं होतं. त्याच्या काळजीनं आजी वेडी झाली होती, तेही खरं. पण वाहून गेलेली चप्पलही खरी होती.

आम्ही सगळ्या पोरांना घेऊन माघारी निघालो. पोरांनी मावशींच्या पदराचं टोक धरलं, एकानं दुसऱ्याचा सदरा धरला. मागं मी, कडेवर आदी. मावशींच्या कडेवर नातू. त्याला कोपीत एकटा ठेवा असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॉलीवाल्यांनी आमच्यासाठी वेग कमी केला.

मॅडम चारच्या आधी स्कूटीवरून आल्या. फाटकाशी आम्हाला बघून त्यांनी आधी मावशींकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही समोरच बसला होता ना त्यांच्या?"

त्यांनी स्कूटी स्टँडवर लावली. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी विसरलेले नाही. म्हणाल्या, तुम्हा सगळ्यांना स्वस्तात शाळा पाहिजे, दिवसभर सांभाळ पाहिजे, रोज व्हिडिओ पाहिजे. तेवढ्या पैशात मला दुसरी बाई ठेवता येत नाही. दुकान बंद केलं तर हा बंगला सुटतो. तुम्ही कधी विचारलं का, इतक्या पोरांमागं माणसं किती आहेत म्हणून? त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. पण झोपलीत म्हणून सांगितलेलं त्यातल्या कशानंच पुसलं जात नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही आया बस स्टँडच्या बाकड्यावर बसलो. मी बघितलं ते सगळं सांगितलं. शोभा सिस्टर ऐकताना आदीला इतकं घट्ट धरून होत्या की तो चुळबुळायला लागला. एका गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, म्हणजे आपली पोरं ऊसतोडीवाल्यांच्या कोपीत जेवत होती? त्यांना कॅनॉलच्या पाण्यापेक्षा ते जास्त लागलं. दोघी-तिघी म्हणाल्या, झालं ते झालं, मॅडम आता नवी बाई आणतीलच, ठेवायचं तरी कुठं दुसरीकडं? मला त्यांचा राग आला नाही. मीही महिनाभर हेच स्वतःला सांगत होते.

मॅडमनी पोरं सांभाळायला नवी मुलगी आणली. दुपारभर दार आतून बंद, आणि भिंतीवर टीव्ही. त्या आठवड्यात समू अगदी स्वच्छ घरी यायची. नखं पांढरी, केसांना पावडरचा वास. इंग्रजी कविता धडाधड म्हणायची. उशी मात्र थोपटेनाशी झाली. रात्रीचं जेवण चिवडत बसायची. मी विचारलं, आज काय केलं, तर म्हणायची, काय नाय. तीन वर्षांच्या पोरीकडं सांगायला काही नसावं, याची मला आधीच्या ओरखड्यांहून जास्त धास्ती वाटली.

मी आणि शोभा सिस्टर सुमनमावशींच्या घरी गेलो. खरं तर सिस्टरांचा पाय निघत नव्हता. त्यांच्याच लेकराचं काय झालं असतं ते त्यांना रोज दिसत होतं. पण त्याच म्हणाल्या, लेकरांवर जीव असलेलं माणूस शिकवून सावध करता येतं, नुसत्या सावध माणसाला जीव कुठून लावणार? त्यांच्या अटी कडक होत्या. कॅनॉलकडं पाऊल नाही. दार दिवसभर उघडं. मावशींच्या जोडीला कायम दुसरी बाई. आणि नातू सगळ्यांसोबत, चोरून नाही.

जागा हारूनभाईंनी दिली. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली, पेट्या ठेवायची. त्यांच्या बायको, नजमाभाभी, मावशींच्या जोडीला बसल्या. आम्ही चार-पाच जणींनी पोरं आणली, बाकीच्या बंगल्यातच राहिल्या. खोलीला पिकलेल्या केळ्यांचा वास होता. हत्ती-ससे नव्हते. पोरं पेट्यांवर चढायची, पेरू-चिकू वेगळे करायची, बाळाची दुपटी दोरीवर टाकायची. समू मला सांगायची, बाळ भुकेनं रडतं तेव्हा तोंड असं करतं आणि झोपेनं रडतं तेव्हा असं. करूनही दाखवायची. तिचं बोलणं परत आलं होतं.

म्हणून माझा संशय गेला असं नाही. माझी बस त्या खोलीवरूनच जायची. काळेमामांना मी सांगून ठेवलं होतं, इथं जरा हळू घ्या. दार उघडं आहे ना, दोघी बाया दिसतात ना, पोरं मोजून भरतात ना, हे मी फूटबोर्डवर उभी राहून बघायची. कधी गाडी दोन मिनिटं उभी करून उतरायची आणि न सांगता आत शिरायची. रॉकेलचा डबा उंच ठेवलाय का, पिंपाला झाकण आहे का. नजमाभाभी हसून चहा टाकायच्या. मावशी मात्र मान खाली घालून काम करत राहायच्या, आणि मला वाटायचं त्यांना राग येतो. एकदा मी तसं म्हटलं. मावशी, वाईट वाटून घेऊ नका.

त्या नातवाला तेल लावत होत्या. "येत जावा ताई," त्या म्हणाल्या. "संशय घेत जावा. येताजाता ह्याच्याकडं बी बगत जावा. तुमच्या लेकरांवर नजर ठिवायला तुमी हाव. ह्याच्यासाठी तसं कुणी न्हाई."

त्या दिवसापासून फूटबोर्डवरून मोजताना मी त्यालाही मोजायला लागले.

समू आता सहावीत आहे. सायकलवर शाळेत जाते, आणि तिला यातलं काही आठवत नाही. मी कोप्या दाखवल्या तर म्हणते, मम्मी, मी इथं जेवायचे? खरंच? मग मला वाटतं, ज्या वयातलं माणसाला काहीच आठवत नाही, नेमकं त्याच वयात आपण त्याला दुसऱ्याच्या हातात देतो. तक्रार करायला त्याच्याकडं शब्द नसतात, पुढं पुरावा द्यायला आठवण नसते. त्याच्या वतीनं कुणीतरी संशयी राहायला हवं. वैशाली मॅडमचा बंगला पुढं भाड्यानं गेला. भिंतीवरचा हत्ती रंगाखालून अजून पुसट दिसतो.

तो हंगाम फाल्गुनात संपला. पट्टा पडला, म्हणजे तोडणी थांबली. कोप्या उकलल्या, ताडपत्र्यांच्या घड्या झाल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या. तोडणी संपली तरी रेखाची टोळी घरी जात नव्हती, लांबच्या एका वीटभट्टीवर निघाली होती. ती बाळाला न्यायला हारूनभाईंच्या खोलीवर आली. मी नेमकी तिथं होते. तिला मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. वीस-एकवीसची पोरगी, हाताला उसाच्या पानांचे काप. समूनं बाळाचं टोपरं आणून दिलं.

मी रेखाला विचारायला लागले. भट्टीवर राहायला कुठं असणार? म्हणाली, कोपीच. जवळ पाणी आहे का? हौद हाय, म्हणाली, मातीत पानी सोडाया. त्या हौदाला कठडा? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, न्हाई बहुतेक. ट्रक येतात-जातात का? येतात की. बाळ आता पालथं पडतंय, पुढच्या महिन्यात रांगेल, हे ठाऊक आहे ना? ती हसली. म्हणाली, "मला आजपस्तोर कुणी एवढं इचारलं न्हाई ताई."

बाहेर ट्रॅक्टरवाल्यानं हाक दिली. तिनं बाळाला कडेवर घेतलं. मी तिच्यामागं रस्त्यापर्यंत गेले आणि उरलेला प्रश्न विचारला. दिवसभर तू विटा थापणार, मग याच्याजवळ कोण असणार?

"आसंल की कुणीतरी," ती म्हणाली आणि ट्रॉलीत चढली.

ट्रॅक्टर सिरसाळ्याच्या दिशेनं गेला. सुमनमावशी आता थकल्या आहेत, दारात बसून असतात. नातवाचं विचारलं की म्हणतात, बरा हाय म्हनं, मोठा झालाय. मी मान डोलावते. पण त्या 'कुणीतरी'वर माझा अजूनही विश्वास बसलेला नाही.